हिपॅटायटिस बी आणि फ्लूची लस स्टाफ टाळतोय, कुठून सुरुवात करावी? (नवी मुंबई)

वाशीची_आयसीएन

साधारण ८० खाटांच्या खासगी हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोलचं काम आहे. हिपॅटायटिस बीच्या लशीचा खर्च हॉस्पिटल करतं, स्टाफला एक रुपया पडत नाही. तरी हाउसकीपिंगच्या मावशी, वॉर्डबॉय, लॅबमधले काही टेक्निशियन आणि काही सिस्टरही टाळतात. काही जण पहिला डोस घेतात आणि सहाव्या महिन्यातल्या डोसाला सापडत नाहीत. लेक्चर झालं, पोस्टर लागले, व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरले, फरक शून्य. कानावर येणारी कारणं अशी: "इतकी वर्षं काही झालं नाही", "ताप येतो, खाडा पडतो", "मूल व्हायला अडचण येते", "कोविडच्या लशीनंतर काय काय झालं बघितलं ना". पावसाळ्याआधी फ्लूची लसही द्यायची आहे. मॅनेजमेंटचं म्हणणं, जो घेणार नाही त्याचा पगार अडवा. कामाचा क्रम कसा लावावा, कुणी नेमकं सांगेल का?

---

सूक्ष्मदर्शक

लस देण्याआधी सगळ्यांची HBsAg तपासणी (हिपॅटायटिस बीची लागण आहे का, ते दाखवणारी रक्ततपासणी) करता का? करत असाल तर निम्मा नकार तिथूनच येतोय असं समजा. कंत्राटी कामगाराला सुईची भीती कमी आणि रिपोर्टची जास्त असते. पॉझिटिव्ह निघालो तर नोकरी गेली, हे त्याचं गणित असतं, आणि ते तो तुम्हाला कधीच सांगणार नाही. "ताप येतो" हे त्यातल्या त्यात सांगण्यासारखं कारण, म्हणून ते पुढे येतं.

तपासणी वाईट नाही. आपल्याकडे हा आजार इतका आहे की प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ती करून घ्यावी. पॉझिटिव्ह निघालेल्याला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (२०१८ पासून सुरू) सरकारी केंद्रावर उपचार मोफत मिळतात. पण तपासणी ही लशीची अट ठेवू नका. आधीच लागण झालेल्याला लस दिली तर अपाय होत नाही, फायदाही होत नाही. म्हणून ज्याची तयारी आहे त्याचं रक्त घ्या आणि त्याच बैठकीत पहिला डोस द्या, रिपोर्टची वाट बघायची नाही. ज्याची तयारी नाही त्याला नुसता डोस द्या.

क्रम मात्र सांभाळा: आधी रक्त, मग सुई. डोस घेतल्यावर साधारण १८ दिवसांपर्यंत लशीतलाच अँटिजेन (विषाणूच्या वरचं प्रथिन) रक्तात सापडून HBsAg तात्पुरतं पॉझिटिव्ह येऊ शकतं. डोस घेतलेला वॉर्डबॉय त्याच आठवड्यात एखाद्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात गेला, तिथे पॉझिटिव्ह निघाला, की "लशीने कावीळ झाली" ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचते. त्यामुळे डोस देतानाच सांगायचं: चार आठवडे रक्तदान नको आणि ही तपासणीही नको.

रिपोर्टची गुप्तता कागदावर ठेवून भागत नाही. तुमच्याच लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाने एन्ट्री झाली तर रिसेप्शनपासून बिलिंगपर्यंत कुणीही ती उघडू शकतं. टेक्निशियन टाळतात त्याचं हेही एक कारण, कारण आपला रिपोर्ट शेजारच्या टेबलावरचाच माणूस लावणार हे त्यांना माहीत असतं. नमुने कोड नंबरने बाहेरच्या लॅबला पाठवा, कोडची वही एकाच डॉक्टरच्या कपाटात ठेवा आणि रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला द्या. आणि पहिल्याच दिवशी मॅनेजमेंटच्या सहीने लेखी सांगा की HBsAg पॉझिटिव्ह निघाल्यामुळे कुणाचंही काम जाणार नाही. झाडू-पोछा, लिनन, वॉर्ड ड्युटी, सलाईन लावणं, यांतलं काहीच त्यामुळे थांबवावं लागत नाही. प्रश्न येतो तो फक्त जिथे हात रुग्णाच्या शरीराच्या आत, नजरेआड, धारदार वस्तूजवळ असतो अशा शस्त्रक्रियांचा. तिथे व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) बघून तज्ज्ञ ठरवतात.

---

पीएसएमवाला_ठाणे

वरच्याशी सहमत. माझी भर बोलण्याच्या पद्धतीबद्दल.

लेक्चरमध्ये आकडे ऐकून माणूस मान डोलावतो आणि बाहेर येऊन तेच करतो जे त्याची इनचार्ज सिस्टर करते. म्हणून आधी मेट्रन, वॉर्डच्या इनचार्ज, ओटीचे सीनियर ब्रदर आणि हाउसकीपिंगचा सुपरवायझर, एवढ्यांचे डोस पूर्ण करा. सुपरवायझरला सगळ्यात जास्त वेळ द्या. हॉस्पिटलमधल्या मावशींसाठी त्याचा शब्द डीनपेक्षा वजनदार असतो, कारण खाडा तो मांडतो.

मग एकेकाशी बोला, पाच मिनिटं पुरतात. सुरुवात "लस घेणार का?" अशी करू नका, त्याला "बघू" हे उत्तर तयार असतं. "मावशी, आज तुमचा हिपॅटायटिसचा पहिला डोस आहे, डाव्या हाताला देऊ ना?" असं विचारा. बरेच जण इथेच हात पुढे करतात. जे थांबतात त्यांना "तुम्ही काय ऐकलंय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर पूर्ण ऐकून घ्या, मध्ये दुरुस्ती नको. मग "यातलं मला जे माहीत आहे ते सांगू का?" असं विचारून एकच मुद्दा सांगा. सगळं एकदम सांगितलं की तो उपदेश होतो. नाही म्हणाले तर "ठीक आहे, पुढच्या सोमवारी परत विचारते" म्हणून निघा. वाद जिंकलात की माणूस गेला.

मूल होण्याबद्दल विचारलं तर उत्तर सोपं आहे. ही लस यीस्टमध्ये बनवलेल्या प्रथिनाची असते, तिच्यात विषाणू नसतो, जिवंत नाही की मेलेला नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही देतात. हीच लस आता बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत देतो, आणि हे प्रसूती विभागातल्या सिस्टरला रोज दिसतं. तिलाच सांगू द्या.

"इतकी वर्षं काही झालं नाही" हा सगळ्यात चिवट. त्यावर भीती घालू नका, तुलना द्या. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर लस न घेतलेल्याला तो होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. हिपॅटायटिस सीची २ टक्क्यांच्या आत आणि एचआयव्हीची ०.३ टक्के. एचआयव्हीच्या रुग्णाजवळ दोन ग्लोव्ह घालणारा ब्रदर बीच्या बाबतीत बिनधास्त असतो, त्याला हे तीन आकडे शेजारी लिहून दाखवा. मावशींना वेगळं सांगा: वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान ७ दिवस टिकतो, त्यामुळे पिवळ्या पिशवीत चुकून आलेली कालची सुई आजही तितकीच धोक्याची.

कोविडचा विषय झटकू नका. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा पहिला नंबर आरोग्य कर्मचाऱ्यांचाच होता, आणि कोव्हॅक्सिन त्या वेळी 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये, संमतीपत्रावर सही घेऊन दिली जात होती. लोकांच्या ते लक्षात आहे. आज तुम्ही दोन पानी इंग्रजी फॉर्म पुढे केलात की त्यांना तेच आठवतं. संमती हवीच, पण मराठीत, चार ओळींत, मोठ्या अक्षरांत घ्या, आणि हिंदी किंवा मल्याळम लागणाऱ्या सिस्टर असतील तर त्या भाषेतही. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांचं विचारलं तर खरं सांगा: तो दुष्परिणाम खरा होता, फार क्वचित होता, आणि डोसानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच दिसायचा. ती लस ॲडिनोव्हायरसवर बेतलेली होती, ही प्रथिनाची आहे आणि १९८० च्या दशकापासून वापरात आहे. "असं काही नव्हतंच" म्हणालात तर पुढचं काहीही ऐकलं जाणार नाही.

---

एचआर_घोडबंदर

पगार अडवण्याची भाषा मॅनेजमेंटला सोडायला लावा. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या जेकब पुलियेल निकालात स्पष्ट म्हटलंय की कुणावरही लशीची सक्ती करता येत नाही, निर्बंध घालायचेच तर ते प्रमाणात हवेत. तो निकाल कोविडच्या लशीबद्दलचा, पण तुमच्या वकिलाला आधी तोच आठवेल. शिवाय पगार अडवला की लस घेतलेलेही बाजूला होतात.

जबाबदारी मात्र हॉस्पिटलचीच आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ च्या नियम ४ प्रमाणे कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं हे 'ऑक्युपायर'चं, म्हणजे हॉस्पिटलचं कर्तव्य आहे. रुजू होताना आणि नंतर वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणीही त्यातच येते. "ती माणसं कंत्राटदाराची" हे उत्तर चालत नाही. (धनुर्वातासाठी आता टीटीऐवजी टीडी येते, स्टोअरच्या यादीत बदल करून घ्या.)

आता खाड्याचं. कंत्राटदाराशी करार करताना तीन वाक्यं घाला: लशीसाठी गेलेला वेळ हजेरीत धरायचा, डोसाच्या दुसऱ्या दिवशी ताप आला तर एक दिवस भरपगारी, आणि पहिला डोस झाल्याशिवाय कचऱ्याच्या कामावर नेमणूक नाही. तिसऱ्या वाक्याला सक्ती म्हणू नका. माणसाला कामावरून काढायचं नाही, जोखमीच्या जागेवर पाठवायचं नाही, एवढाच अर्थ. त्या एक दिवसाच्या पगाराचा बोजा हॉस्पिटलने घ्यावा. कंत्राटदारावर टाकलात की तो कामगारालाच "घेऊ नको" सांगतो.

वेळ कोणती? दुपारी दोनला ड्युटी सुटल्यावर कॅम्प ठेवला तर कुणी थांबणार नाही. निम्म्या सिस्टर आणि मावशी ट्रान्स-हार्बर पकडून ठाण्याला आणि तिथून पुढे बदलापूर-टिटवाळ्याला जाणाऱ्या असतात, एक लोकल चुकली की घर तासाभराने लांब जातं. डोस ड्युटी सुरू होताना द्या. अर्धा तास निरीक्षणात बसायचं तेवढ्यात हँडओव्हर होतो किंवा लिनन मोजून होतं. रात्रपाळीसाठी सुई त्यांच्या वेळेत, त्यांच्या मजल्यावर न्या. त्यांना सकाळी थांबवायचं नाही.

एका वॉर्डचा सगळा स्टाफ एकाच दिवशी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी दोघींना अंगदुखी झाली तर वॉर्ड उघडा पडतो आणि इनचार्ज पुढच्या वेळी नावंच पाठवत नाही. तीन गट करा. संकष्टी, नवरात्र, श्रावणी सोमवार टाळा, आणि रमजानमध्ये इफ्तारनंतरची पाळी ठेवा. उपाशीपोटी घेतली की चक्कर येते आणि दोष लशीला जातो.

---

फार्मसी_कळवा

लस चांगली असेल तरच हे सगळं. बहुतेक छोट्या हॉस्पिटलांत घोळ फ्रिजमध्ये असतो. हिपॅटायटिस बीची लस २ ते ८ अंशांत ठेवायची हे सगळ्यांना पाठ असतं, पण तिला उन्हापेक्षा गोठण्याने जास्त मार बसतो हे विसरलं जातं. लशीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. एकदा गोठली की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि ताकद जाते. बाटली वरून ठीकच दिसते.

घरगुती फ्रिज असेल तर लस मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवा. दारात नको, फ्रीझरच्या लगेच खाली नको. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरा, वीज गेली तरी तापमान सावकाश चढतं. डिजिटल थर्मामीटर लावून सकाळ-संध्याकाळ नोंद. आकडा शून्याखाली गेलेला दिसला तर शेक टेस्ट: त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवा, संशयित बाटली तिच्याबरोबर जोरात हलवा आणि दोन्ही शेजारी ठेवून अर्धा तास बघा. संशयित बाटलीतला गाळ गोठवलेलीइतक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर खाली बसला तर ती बॅच फेका.

मजल्यावर नेताना कॅरियरमध्ये आईसपॅक थेट फ्रीझरमधून घालू नका. बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच घाला.

प्रौढांचा डोस १ मिली, म्हणजे २० मायक्रोग्रॅम, दंडाच्या डेल्टॉइडमध्ये, स्नायूत. सुई २३ किंवा २५ गेजची, एक इंच. जाड माणसाला दीड इंचाची लागते, नाहीतर औषध चरबीत राहतं. कमरेला देऊ नका, तिथे प्रतिसाद कमी येतो, मग टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) कमी आला की "लस बोगस" म्हणतात. ज्या हाताने पोछा मारायचा तो हात सोडून दुसऱ्यात द्या.

बसायला खुर्ची, पलीकडे आडवं व्हायला एक कॉट, मध्ये पडदा, आणि बाहेर जायचा रस्ता वेगळा. रांगेतला एक जण चक्कर येऊन पडताना दिसला की मागचे चार निघून जातात. ट्रेमध्ये ॲड्रिनलिन १:१००० हवंच. ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) असेल तर प्रौढाला ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज वाटली तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. नाडी मंद आणि चेहरा पांढरा असेल तर ती बहुधा साधी भोवळ. पाय वर करून झोपवा, सुई नको.

---

वाशीची_आयसीएन

सगळ्यांचे आभार. तपासणीची अट आमच्याकडे आहे, ती काढायला लावते. आणखी काही प्रश्न. पहिला डोस घेऊन आठ महिने झाले अशांचं पुन्हा पहिल्यापासून करायचं का? "नर्सिंग कॉलेजात घेतली होती" म्हणणाऱ्या सिस्टरकडे कागद नाही, त्यांचं काय? कंत्राटी माणूस चार महिन्यांत नोकरी सोडतो, त्याला ०-१-६ (पहिला डोस, मग एका आणि सहा महिन्यांनी) कसं बसवायचं? आणि फ्लूचा महिना कोणता?

---

सूक्ष्मदर्शक

पुन्हा पहिल्यापासून नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. दुसरा आज द्या, तिसरा त्यानंतर निदान ८ आठवड्यांनी. उशीर झाला तर चालतं. घाई मात्र चालत नाही: पहिल्या-दुसऱ्यात ४ आठवडे आणि पहिल्या-तिसऱ्यात १६ आठवडे हवेतच.

कागद नसेल तर डोस झालेच नाहीत असं धरून नव्याने पूर्ण कोर्स द्या, जास्तीच्या डोसाने नुकसान नाही. कागद आहे पण टायटर कधी केला नाही, अशांचा अँटी-HBs (म्हणजे हाच टायटर) करा. १० mIU/ml किंवा जास्त असेल तर विषय संपला, पुन्हा पुन्हा तपासायची गरज नाही. कमी असेल तर घाबरवू नका, वर्षांनंतर आकडा उतरतो पण शरीराची आठवण राहिलेली असते. एक डोस द्या, १ ते २ महिन्यांनी परत तपासा. तरीही १० च्या खाली असेल तर आणखी दोन डोस आणि पुन्हा तपासणी. दोन पूर्ण कोर्स होऊनही आला नाही तरच 'नॉन-रिस्पॉन्डर', आणि त्या वेळी HBsAg बघायलाच हवं, कारण जुनी लागण हेही एक कारण असतं. नव्यांचा टायटरही शेवटच्या डोसानंतर १ ते २ महिन्यांतच करा. चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसांत ९० टक्क्यांहून जास्त जणांना तीन डोसांत संरक्षण मिळतं. वय, तंबाखू, लठ्ठपणा, मधुमेह यांनी ते घटतं.

या आकड्याचा उपयोग स्टाफला असा सांगा: लशीच्या कार्डावर टायटर १० च्या वर लिहिलेला असेल आणि उद्या सुई टोचली, तर जखम साबण-पाण्याने धुवायची, कळवायचं, आणि बीसाठी वेगळं काहीही घ्यायचं नाही. कार्ड नसेल आणि रुग्ण पॉझिटिव्ह असेल तर हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) ०.०६ मिली प्रति किलो, शक्यतो २४ तासांत, फार तर ७ दिवसांत, सोबत दुसऱ्या दंडात लस. ६० किलोच्या माणसाला ३.६ मिली, महागडं, आणि रात्री दोन वाजता ते शोधत हिंडायचं. एचआयव्ही आणि सी साठीची तपासणी दोघांनाही चुकत नाही, हेही त्याच वेळी सांगा. नाहीतर कार्डवाले सुई लागल्याचं कळवायचंच सोडतात.

---

एचआर_घोडबंदर

सोडून जाणाऱ्यांसाठी ०-१-२ महिने आणि बारावा महिना हे वेळापत्रक घ्या, निदान तीन डोस तुमच्याकडे होतात. कार्ड कामगाराच्या हातात द्या, ऑफिसच्या फाईलमध्ये नको, आणि त्याच्याच मोबाइलमध्ये फोटो काढून द्या. तो उद्या ऐरोली किंवा माजिवड्याच्या दुसऱ्या हॉस्पिटलात लागला तर उरलेला डोस तिथे मिळेल. ज्यांचे डोस राहिलेत त्यांची नावं ग्रुपवर टाकू नका. विभागवार आकडा लावा, नावं नाहीत.

---

पीएसएमवाला_ठाणे

फ्लू: आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आणि लहान लाट जानेवारी ते मार्च. लशीला काम करायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये उरकून टाका. त्या वेळी दक्षिण गोलार्धासाठीची चालू वर्षाची लस मागा आणि खोक्यावरचं वर्ष वाचून घ्या. ऑर्डर मार्चमध्ये द्या. मेच्या शेवटी मागितली तर जुन्या हंगामातला उरलेला माल गळ्यात पडतो. फ्लूच्या विषाणूचा बी/यामागाता प्रकार मार्च २०२० नंतर सापडलेला नसल्याने तीन घटकांची लस पुरते, चार घटकांचीच हवी हा हट्ट नको.

"घेतली आणि लगेच सर्दी झाली" हे ऐकू येणारच. इंजेक्शनची फ्लू लस निष्क्रिय असते, तिने फ्लू होत नाही, पण त्याच दोन आठवड्यांत दुसऱ्या एखाद्या विषाणूने शिंका येऊ शकतात. हे डोस देण्याआधी सांगा. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

हिपॅटायटिस बी आणि फ्लू एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांत देता येतात. नकार देणाऱ्यांना मात्र एकच द्या, आणि आधी बीची.